वल्द, बेवा, साकिन देह : फोपनारच्या घराण्यांचा माग

फोपनारमधल्या कुठल्याही घराची वंशावळ चार पिढ्यांपलीकडे न्यायची म्हटले की गावाबाहेर पडावे लागते. मध्य प्रदेशातल्या बुरहानपूर जिल्ह्यातला हा पट्टा तापी खोऱ्यातला, केळीचा. घरात बोली मराठी, शाळेत आणि पटवाऱ्याच्या दप्तरात हिंदी, सोयरीक मात्र महाराष्ट्रातल्या रावेर-मुक्ताईनगरपर्यंत पसरलेली. बुरहानपूर स्वतंत्र जिल्हा झाला 15 ऑगस्ट 2003 रोजी. तोवर जिल्ह्याचे ठिकाण खंडवा होते. 1956 पर्यंत प्रांताची राजधानी नागपूर होती. 1860-61 पूर्वी हा मुलूख शिंद्यांकडे होता, 1778 पूर्वी पेशव्यांकडे, 1760 पूर्वी निजामाकडे आणि त्याआधी मोगलांच्या खानदेश सुभ्यात. एखादे कुटुंब दोनशे वर्षे एकाच वाड्यातून हलले नसेल, पण त्याचे कागद मात्र दर दोन-तीन पिढ्यांनी नव्या कचेरीत, नव्या लिपीत आणि नव्या कालगणनेत गेले आहेत. गावाचे नावही एका रूपात सापडत नाही. महसुली कागदांत ‘फोपनार कलां’ असते, पुरातत्त्वाच्या पुस्तकांत ‘फोफनार’. शोधणाऱ्याने दोन्ही रूपांनी शोधावे.

वंशावळ सहज म्हणून कुणी लिहीत नाही, हे सुरुवातीलाच ध्यानात घेतलेले बरे. ती वतनासाठी लिहिली जाते, जमिनीच्या वाटणीसाठी, पिंडदानासाठी, सोयरिकीसाठी किंवा जातीच्या दाखल्यासाठी. ज्या कामासाठी ती लिहिली, त्या कामाला लागणारी माणसे तिच्यात येतात आणि बाकीची गळतात. वाटणीच्या कागदात निपुत्रिक चुलता नसतो, कारण त्याचा हिस्सा आधीच भावांत मिसळलेला असतो. वतनाच्या कागदात धाकटी पाती हटकून दुबळी दिसते, कारण कागद थोरल्या पातीने केलेला असतो. म्हणून जुना कागद हाती आला की नावे उतरून घेण्याआधी तो कुणी, कुणापुढे आणि काय मिळवायला केला हे पाहावे लागते.

घरातले दप्तर

पहिल्या तीन पिढ्या बहुधा घरातच मिळतात, कारण श्राद्धात त्या म्हणाव्या लागतात. बाप, आजा, पणजा. आई, आजी, पणजी. शिवाय आईच्या माहेरचे तिघे. ज्या घरात पित्रांच्या पंधरवड्यात तर्पण होते तिथे ही नावे कुणा ना कुणाच्या तोंडी असतात. खानदेशाप्रमाणे या पट्ट्यातही अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पूर्वजांच्या नावाने घागर भरतात, तेव्हाही नावे निघतात. गोत्राच्या बाबतीत मात्र सावध असावे. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याच्यासाठी भटजी ‘काश्यप’ म्हणून मोकळे होतात, आणि पुढच्या पिढीत तेच घराण्याचे गोत्र होऊन बसते.

भाऊबंदकीची हद्द सुतकावरून कळते. दोन घरांचे नाते नेमके कसे लागते हे दोघांनाही सांगता येत नाही, पण एकाकडे मयत झाली की दुसऱ्याकडे सुतक धरतात. याचा अर्थ मूळ पुरुष एक आहे आणि तो सांगणाऱ्याच्या आठवणीच्या जरा पलीकडे आहे. अशा घरांची यादी आधी करावी. वंशावळ उभी लिहिण्याची घाई सगळ्यांनाच असते. खरे काम आडवे लिहिल्याने होते. भाऊ, चुलतभाऊ, त्यांच्या बायका, त्यांची माहेरे हे सगळे एका रांगेत आले की वरच्या पिढीतला घोळ आपोआप उघडा पडतो.

घोळ मुख्यतः नावांचा असतो. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रिवाजामुळे रामाचा गोविंदा, गोविंदाचा रामा आणि पुन्हा रामाचा गोविंदा अशी फिरती नावे लागतात. कागदात ‘गोविंदा रामा’ दिसला तर तो आजा की नातू, हे नुसत्या नावावरून ठरवता येत नाही. त्याच्या भावांची नावे पाहावी लागतात, कारण भावांचा संच सहसा पुन्हा तसाच येत नाही. आडनावांचा आधार तर त्याहून कच्चा. पाटील, महाजन, चौधरी ही मुळात कामाची आणि मानाची नावे आहेत, अनेक जातींत चालतात, आणि एकाच मूळ पुरुषाच्या दोन पात्यांत दोन वेगळी आडनावे पडल्याचे प्रकारही या भागात नवे नाहीत.

आडनावापेक्षा कुलदैवत जास्त बोलके असते. गावात पाच पिढ्या काढलेले घर जर लग्नानंतर धुळ्याच्या एकवीरेला, यावल तालुक्यातल्या मनुदेवीला, वणीच्या सप्तशृंगीला किंवा जेजुरीला जात असेल, तर ते कुठल्या वाटेने इकडे आले याचा तो कच्चा नकाशा समजावा. हा पुरावा नव्हे, पण कुठल्या तालुक्याचे दप्तर उघडायचे हे ठरवायला पुरतो. जवळच्या इच्छादेवीलाच सगळे मानपान होत असतील तर घर एक तर फार जुने, नाही तर आपला जुना देव विसरलेले.

पटवाऱ्याची भाषा

चौथ्या पिढीपासून जमिनीचा कागद लागतो. इंग्रजांनी मध्य प्रांत 1861 मध्ये केला आणि त्याच दशकात निमाड जिल्ह्याची जमीनबंदी कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांनी हाती घेतली. त्यांचा अहवाल 1868-69चा. हेच फॉर्सिथ मध्य हिंदुस्थानातल्या डोंगररानांवर पुस्तक लिहिणारे शिकारी गृहस्थ. अहवालात घराण्यांची नावे शोधायला जाऊ नये. तो जिल्ह्याचा आहे. कामाचे असतात ते त्या आणि पुढच्या बंदोबस्तांत गावोगाव तयार झालेले कागद. त्यांना इकडे ‘मिसल बंदोबस्त’ म्हणतात. त्यात खसरा म्हणजे शेतवार नोंद, खतौनी म्हणजे खातेवार नोंद आणि वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावाच्या चालीरीती आणि हक्कांची नोंद. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने इथे सातबारा मागू नये. तलाठ्याच्या जागी पटवारी आहे, फेरफाराच्या जागी नामांतरण, आणि वारसनोंदीला ‘फौती नामांतरण’ म्हणतात. त्या वेळी वारसांचा जो झाडोरा कागदावर मांडतात तो सिजरा. नामांतरणाच्या फाइलीत सिजरा निघाला तर एका पानात तीन पिढ्या मिळतात.

जुन्या खतौनीतली एक ओळ कशी वाचायची ते पाहण्यासारखे आहे. नमुन्यादाखल, ‘गोविंदा वल्द रामा, कौम कुणबी, साकिन देह’. वल्द म्हणजे पुत्र, कौम म्हणजे जात आणि साकिन देह म्हणजे याच गावचा राहणारा. शेवटच्या दोन शब्दांकडे लोक लक्ष देत नाहीत, आणि खरे तर तेच मोलाचे. तिथे ‘साकिन देह’ऐवजी दुसऱ्या गावाचे नाव असेल, तर हा माणूस त्या वेळी परगावाहून येऊन शेत करत होता, म्हणजे घराचे मूळ गाव एका शब्दात हाती आले. पुढच्या बंदोबस्तात त्याच खात्यावर ‘मुसम्मात काशी बेवा गोविंदा’ आले, तर गोविंदा मधल्या काळात वारला, विधवेचे नाव काशी आणि बहुधा मुलगा अजाण होता. त्याच्याही पुढे ‘रामा वल्द गोविंदा, नाबालिग’ आणि पालक म्हणून आईचे नाव आले, तर मुलाच्या जन्माचा अंदाज पाच-दहा वर्षांच्या आत बांधता येतो. तीन ओळी, तीन पिढ्या आणि एका बाईचे नाव. घरच्या सांगण्यात काशी कुणाला ठाऊक असेलच असे नाही.

या शोधातली सर्वांत मोठी अडचण नंबरांची. प्रत्येक बंदोबस्तात शेतांना नवे खसरा नंबर पडतात, म्हणून आजचा नंबर घेऊन शंभर वर्षांपूर्वीच्या कागदात गेले तर भलत्याच घराचा इतिहास हाती येतो. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालणारी सूची आधी मागावी लागते. ती हाती आली की माणसाच्या नावाचा नाद सोडून शेताचा माग काढावा. माणसांची नावे बदलतात, चुकीची लिहिली जातात, फिरून येतात. नाल्याकाठचे वावर जागचे हलत नाही.

मालगुजारीची गोष्टही समजून घ्यायला हवी. मध्य प्रांतात सरकारने गावाची मालकी मालगुजाराला दिली आणि कसणारे त्याची कुळे झाली. कुळांतही मौरूसी म्हणजे वारसाहक्काने धरलेली जमीन वेगळी. त्यामुळे 1951 पूर्वीच्या कागदात मालगुजाराचे घराणे ठसठशीत दिसते, त्याच्या हिस्सेदारांच्या पात्यांसकट, आणि कुळांची नावे खालच्या रकान्यात. 1950च्या कायद्याने 31 मार्च 1951पासून मालगुजारी संपली. 2 ऑक्टोबर 1959 रोजी मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता लागू झाली. या दोन टप्प्यांच्या मधल्या कागदांत कुळांची घराणी वर येतात. अनेक घरांचा ‘आमची जमीन पूर्वापार’ हा समज इथे येऊन अडखळतो, आणि उलटही होते: मालकी नव्हती तरी कसणूक चार पिढ्यांची होती हे सिद्ध होते.

फोपनारचे जुने महसुली दप्तर खंडवा जिल्ह्याच्या काळात तयार झालेले आहे. एका अभिलेखागारात ‘मिळत नाही’ असा शेरा आला म्हणजे कागद नाही असे समजू नये. बुरहानपूर आणि खंडवा दोन्हीकडे नक्कलेचा अर्ज करावा. अर्जात गावाचे नाव, पटवारी हलका, बंदोबस्ताचे साल आणि खसरा नंबर दिला तर कारकून शोधतो. ‘आमच्या पणजोबांची माहिती द्यावी’ अशा अर्जाचे काहीही होत नाही, आणि त्यात कारकुनाचा दोष नाही.

कोटवार, शाळा आणि साथीची वर्षे

जमिनीच्या कागदात माणूस उभा असतो, पण तो जन्मला कधी आणि वारला कधी हे तिथे नसते. त्यासाठी कोटवाराची नोंद. मध्य प्रांतात गावचा कोटवार जन्म-मृत्यूची खबर वहीत घालून ठाण्यावर देई. विदर्भात ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते हेच. बहुतेकदा कोटवार निरक्षर असे, नोंद दुसराच लिही, त्यामुळे मुलाचे नाव नसतेच. ‘अमक्यास पुत्र झाला’ एवढेच. बारसे व्हायच्या आधीची नोंद, त्यात नाव येणार कुठून? म्हणून जन्माच्या नोंदीत बापाचे नाव आणि जात यांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि कोणता मुलगा हे भावांच्या क्रमावरून ठरवावे लागते.

मृत्यूच्या नोंदी काही वर्षांत एकदम दाटतात. विक्रम संवत 1956चा, म्हणजे इ.स. 1899-1900चा ‘छप्पन्नचा’ दुष्काळ, त्याआधीचा 1896-97चा दुष्काळ आणि 1918ची मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझा ही ती वर्षे. मध्य प्रांताला तिन्हींचा तडाखा जबर बसला. वंशावळीत एखादी फांदी याच सुमारास एकाएकी संपत असेल, किंवा एखादा मुलगा मामाच्या गावी वाढलेला दिसत असेल, तर कारण बहुधा या वर्षांत सापडते. घरात मात्र तो ‘दत्तक गेला’ एवढेच सांगतात.

शाळेची दाखिल-खारिज पंजी हा तिसरा कागद. तीत मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, गाव आणि जन्मतारीख असते. जन्मतारखेवर फार विसंबू नये. गुरुजींनी जूनमध्ये नाव घालताना अंदाजाने घातलेल्या तारखांचा संच सगळ्या हिंदुस्थानभर एकसारखा आहे. जातीच्या रकान्याला मात्र कचेऱ्यांत किंमत आहे, कारण तो अर्जदाराच्या आजच्या गरजेआधी लिहिला गेलेला असतो. मराठी नावे हिंदी मास्तरांच्या हातून गेल्याने बाळूचा बालू, श्रावणचा सावन, विठ्ठलचा बिट्ठल झालेला दिसतो. अक्षरी वर्णक्रमाने शोधणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

भाटाची वही, पंड्याची बही

भाट हा निरक्षर शेतकऱ्याचा इतिहासकार. खानदेश-निमाडच्या पट्ट्यात अनेक शेतकरी जातींचे ठरलेले भाट असतात. ते काही वर्षांनी गावात येतात, घराची पिढी वाचून दाखवतात, नवी जन्मलेली नावे घालतात आणि दक्षिणा घेतात. दक्षिण महाराष्ट्रात हेच काम हेळवी करतात. भाटाच्या वहीचा अलीकडचा भाग, म्हणजे तो स्वतः, त्याचा बाप आणि आजा यांनी प्रत्यक्ष गावात बसून लिहिलेल्या पाच-सहा पिढ्या, सहसा भरवशाचा असतो. त्याच्यावरचा भाग बेताने घ्यावा. तिथे घराणे एकदम एखाद्या राजपूत राजाला किंवा थेट सूर्यवंशाला जाऊन मिळते, आणि मधल्या पिढ्यांचा हिशेब केला तर दर पिढी साठ वर्षांची निघते. भाट खोटे सांगतो असे नव्हे. ऐकणाऱ्याला जे हवे असते तेही वहीत असते.

तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यांकडे याहून कोरडी नोंद मिळते. फोपनारकरांना जवळचे मोठे तीर्थ नर्मदेवरचे ओंकारेश्वर. मराठी घरे त्र्यंबकेश्वरलाही जातात, आणि ऐपत असेल तो गया-प्रयाग-काशी करतो. तिथे यजमानाचे नाव, बापाचे, आजाचे, बरोबर आलेल्या मुलांचे, गाव, जात आणि तिथी लिहून सही किंवा अंगठा घेतात. त्र्यंबकेश्वरला याला नामावळी म्हणतात, उत्तरेत बही. कोणत्या गावाचा उपाध्या कोण हे ठरलेले असते, म्हणून आधी गावाचे आणि जातीचे नाव सांगायचे, आडनाव नंतर. ही नोंद इतिहासाला किती उपयोगी पडते हे बी. एन. गोस्वामी यांनी दाखवले. पहाडी चित्रकारांची घराणी त्यांनी हरिद्वारच्या बह्यांतून जुळवली आणि 1968 मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात मांडली. गुलेरचा चित्रकार नैनसुख याने बहीत स्वतःच्या हाताने केलेली नोंद आणि रेखाटन त्यातूनच ठाऊक झाले. अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने हरिद्वारसारख्या तीर्थांतल्या बह्यांच्या मायक्रोफिल्मही घेतल्या आहेत. चित्रकाराला जे लागू तेच शेतकऱ्याला. फरक एवढाच, की शेतकरी आयुष्यात एकदाच जातो, तेही बापाच्या अस्थी घेऊन, आणि त्यामुळे मृत्यूचा महिना पक्का मिळतो.

महिना मिळतो, पण कुठला? मराठी पंचांग अमान्त, हिंदी पंचांग पूर्णिमान्त. शुद्ध पक्षात दोन्हींचा महिना एकच असतो, वद्य पक्षात हिंदी महिना एकाने पुढे जातो. महाशिवरात्र मराठीत माघ वद्य चतुर्दशी आणि हिंदीत फाल्गुन कृष्ण चतुर्दशी, दिवस तोच. ओंकारेश्वरच्या बहीत ‘फाल्गुन कृष्ण’ आणि घरच्या चोपडीत ‘माघ वद्य’ असेल तर दोन मृत्यू समजू नयेत. सालांचाही असाच खेळ आहे. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, विक्रम संवतातून 57 वजा केले की येतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो. मराठी दप्तरातल्या सुहूर सनात 599 किंवा 600 मिळवावे लागतात. फसली सर्वांत फसवी: दक्षिणेची फसली 590-91 मिळवून इसवी होते, उत्तरेची 592-93 मिळवून. बुरहानपूर दोन्हींच्या सांध्यावर, म्हणून कागद कुठल्या कचेरीचा ते पाहिल्याखेरीज बेरीज करू नये.

मोडी आणि त्याच्या मागे

इंग्रजी बंदोबस्तापूर्वीचा शोध बहुतेक घरांसाठी इथेच संपतो. ज्यांच्याकडे वतन होते त्यांच्यासाठी तो पुढे चालतो. पाटील, देशमुख, देशपांडे, निमाडात मंडलोई आणि कानूनगो, गावचे जोशी, इनामदार यांचे कागद मोडीत आणि त्याआधी फारसीत आहेत. वतनाचा तंटा पडला की दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून देत: मूळ पुरुष कोण, त्याला वतन कुणी दिले, पुढे कुणाकुणाकडे गेले. गोतसभेत निवाडा झाला की महजर होई. वंशावळीचा असा मजकूर सविस्तर असतो, आणि तितकाच पक्षपाती. दोन्ही बाजूंचे करीने शेजारी ठेवल्याशिवाय एकावर विसंबता येत नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ 1898पासून छापायला घेतली तेव्हा गावोगावच्या अशाच घरगुती दप्तरांतून बरेचसे कागद मिळवले. पुण्यात 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. राजवाडे 1926 मध्ये धुळ्यात वारले, आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. पुण्याच्या पुरालेखागारातले पेशवे दप्तर, धुळ्याचा संग्रह आणि नागपूरचे पुराभिलेख ही बुरहानपूरकराने पाहायची तीन ठिकाणे. मोडी येणारा माणूस बरोबर हवाच. छायाचित्र काढून आणू, नंतर वाचू, असे म्हणणाऱ्यांच्या फोनमध्ये ती छायाचित्रे तशीच पडून राहतात.

याहून मागे गेले की घराणी संपतात आणि राजे उरतात. बुरहानपूर परिसरात दोन राजवंशावळी धातूवर आणि दगडावर कोरलेल्या सापडल्या, ही या जिल्ह्याची खासियत म्हणावी लागेल. असीरगडावर मिळालेल्या मौखरी राजा शर्ववर्म्याच्या सहाव्या शतकातल्या मुद्रेत हरिवर्मा, आदित्यवर्मा, ईश्वरवर्मा, ईशानवर्मा आणि शर्ववर्मा अशी पाच नावे आहेत, आणि प्रत्येक पुत्राच्या आधी आईचे नाव: जयस्वामिनी, हर्षगुप्ता, उपगुप्ता, लक्ष्मीवती. बुरहानपूरच्या जामा मशिदीत आदिलशहा फारूकी म्हणजे राजा अली खान याने अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरवला, संवत 1646, शके 1511 म्हणजे 1590च्या आरंभी, आणि त्यात आपल्या घराण्याची परंपरा दिली. मशिदीच्या भिंतीवर संस्कृतात वंशावळ लिहवून घेणाऱ्या सुलतानाला ती कुणाला वाचून दाखवायची होती हे उघड आहे.

मुद्रा असीरगडावर सापडली म्हणून मौखरी असीरगडावर राज्य करत होते असे मात्र ठरत नाही. त्यांचे राज्य गंगेच्या खोऱ्यात होते, आणि मुद्रा ही हातातून हातात जाणारी वस्तू. खुद्द फोपनारमध्ये वाकाटककाळाच्या सुमाराच्या ब्राँझच्या बुद्धमूर्तींचा साठा निघाला. त्यांतल्या मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. गाव दीड हजार वर्षांइतके जुने असावे एवढे फार तर त्यावरून म्हणता येते. आजचे एकही घर त्या वस्तीशी जोडता येत नाही. गावाच्या जुनेपणातून घराचा जुनेपणा काढण्याचा मोह गावगौरवाच्या पुस्तिकांत फार दिसतो. मधल्या काळात इथून मोगल फौजा गेल्या, 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने बुरहानपूरचा बहादुरपुरा लुटला, दुष्काळ पडले, गावे उजाड झाली आणि पुन्हा वसली.

कागदात नसलेले

जमीन नसलेल्यांची वंशावळ पटवाऱ्याकडे नसते. बलुतेदार कधी इनाम वावरामुळे सापडतात, मजूर तेही नाही. त्यांच्यासाठी कोटवाराची वही आणि शाळेची पंजी हेच दोन दरवाजे. जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या कोरकूंचे पूर्वज कागदावर नव्हे तर लाकडावर आहेत: मृताच्या नावाने सिडोलीच्या विधीत कोरीव खांब, मुंडा, उभा करतात. 2006च्या वनहक्क कायद्याने हा प्रश्न कचेरीत आणला. बिगर-आदिवासी वनवासीयाला 13 डिसेंबर 2005च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, तिथली वस्ती दाखवावी लागते. आदिवासीला त्या तारखेपूर्वीचा ताबा पुरतो. पुराव्यांच्या यादीत जुन्या नोंदींतल्या माणसाशी नाते दाखवणारी वंशावळ आहे आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले सांगणेही आहे. तोंडी वंशावळीला कायद्याने अशी जागा क्वचितच दिली आहे.

दाखल्यांच्या शोधाने मात्र गेल्या काही वर्षांत अभिलेखागारांचे उंबरे झिजवले. महाराष्ट्रात इतर मागास वर्गाच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 आणि जमातींना 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी महसूल, जन्म-मृत्यू, शाळा आणि मोडी कागदांची लाखो पाने उलटली गेली. सीमेअलीकडच्या घरांनाही त्याची झळ लागली, कारण पलीकडच्या चुलतभावाला लागणारी पणजोबांची नोंद कधी कधी अलीकडच्या खतौनीत असते. तो कागद नाते सिद्ध करायला चालतो. पण एका राज्यातला जातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच सांगून टाकले आहे.

कोर्टात वंशावळ केव्हा टिकते याला जुना नियम आहे. 1872च्या पुरावा कायद्याच्या कलम 32 मध्ये तो होता, 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 26 मध्ये आहे: मयत व्यक्तीने नात्याबद्दल केलेले विधान ग्राह्य, पण वाद उपस्थित होण्यापूर्वीचे असेल तर. दावा लागल्यावर काढलेला सुबक छापील वंशवृक्ष म्हणूनच फारसा उपयोगी पडत नाही, आणि आजीच्या पोथीच्या मलपृष्ठावर पेन्सिलीने लिहिलेली चार नावे पडतात. घरात लिहिताना प्रत्येक नावापुढे ते कुठून आले हे घालावे: कागद असेल तर कचेरी, साल आणि पान, सांगणे असेल तर कुणाचे आणि कुठल्या तारखेचे. नुसता अंदाज असेल तर तसेच लिहावे.

बायकांच्या नावांची उणीव सर्वांत मोठी आहे आणि ती घरातल्यांनीही पाळली आहे. छापून घेतलेल्या वंशवृक्षांत मुली बहुधा नसतातच. 1951-52च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना सुमारे 28 लाख बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितल्याने त्यांची नावे यादीतून गळली. यात उत्तर आणि मध्य भारतातल्या बायका जास्त होत्या. सुनेची नोंद सासरी, तिच्या बापाची माहेरी. आणि फोपनारच्या कित्येक सुनांचे माहेर राज्याच्या हद्दीपलीकडे. त्यांच्या बाजूचा शोध घ्यायचा तर रावेरच्या तहसिलीत सातबारा आणि फेरफार मागावा लागतो, गाव नमुना चौदामधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहाव्या लागतात, शाळेचे जनरल रजिस्टर उघडावे लागते. एरवी याची गरज कुणाला पडत नसे. मध्य प्रदेशात 4 नोव्हेंबर 2025पासून मतदारयादीची विशेष सखोल पडताळणी सुरू झाली तेव्हा ज्यांचे नाव आधीच्या पडताळणीच्या, म्हणजे 2002 ते 2004 दरम्यानच्या यादीत नव्हते त्यांना आईवडिलांचे किंवा आजोबा-आजीचे नाव जुन्या यादीत दाखवायचे होते. त्या जुन्या यादीच्या सुमारास लग्न होऊन आलेल्या सुनेला सासऱ्याचे नाव चालत नव्हते. तिला महाराष्ट्रातल्या जुन्या यादीत आपल्या बापाचे किंवा आईचे मतदान केंद्र आणि अनुक्रमांक शोधायचा होता.